साखर घटली कोणाची?

रविवारी सकाळी जोगेश्वरीच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये सत्संगाला पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर चंद्रप्रकाशजी बाबा तांब्याचा गडू उंचावून सांगत होते, "हे चंद्रजल! रात्रभर चांदणं प्यायलेलं! आणि मी अंधश्रद्धा पसरवत नाही हं. विज्ञान सांगतं, या जलानं साखर तीस टक्के घटते. शोधनिबंध आहे!"

'शोधनिबंध' म्हणताच अर्ध्या हॉलनं हात जोडले.

गुणाजी सावंत सगळ्यांत पुढे. चंद्रजलाच्या भरवशावर मधुमेहाच्या गोळ्या त्यांनी केव्हाच बंद केल्या होत्या. पायाची जखम चिघळत होती, तरी भाचीला म्हणाले, "माका बरा वाटता गो. ह्यां काय बाबाचा म्हणणा नाय, शास्त्रज्ञांचा आसा."

"मग शास्त्रज्ञांनाच विचारू ना, मामा," श्वेता म्हणाली. ती कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती.

बाबांच्या पुस्तिकेत तळटीप होती, एका आरोग्य मासिकाची. मासिकातल्या लेखानं आधार घेतला होता कुठल्याशा परिषदेतल्या निबंधाचा. त्या निबंधानं बोट दाखवलं होतं एका कृषी महाविद्यालयातल्या जुन्या संशोधनाकडे. श्वेतानं तिथल्या ग्रंथपालांकडून ते मागवलं. वाचताना ती खो-खो हसली. मग मामांचा पाय आठवला आणि हसू विरलं.

पुढच्या सत्संगात ती उभी राहिली. "चंद्रप्रकाशजी, साखर घटली ती कोणाची?"

"रुग्णांची, बेटी! शेकडो रुग्णांची!"

"मूळ संशोधनात एकही माणूस नाही. प्रयोग उसावर झालाय. तांब्याच्या टाकीतलं पाणी रात्री शेताला दिलं आणि उसातली साखर घटली. 'हे पाणी देऊ नये, पिकाचं नुकसान होतं,' असं शेवटी स्पष्ट लिहिलंय. चांदणं तुम्ही घातलंत!"

मग मागून आवाज आला, "म्हणजे आम्ही काय ऊस?"

"देह उसाचा असो वा माणसाचा, पंचमहाभूतं तीच!" बाबा म्हणाले.

"मग रसवंतीत जाऊन बसा ना!" पुन्हा मागचाच आवाज.

हॉल हसण्यानं दणाणला. गुणाजी मात्र हसले नाहीत. "पण इतक्या ठिकाणी छापलला होता मा?"

"परिषदेतल्या निबंधात 'ऊस' हा शब्द गळला, मामा. पुढच्यांनी नुसतं उतरवून काढलं. छापलं सगळ्यांनी, तपासलं कोणीच नाही."

त्याच दुपारी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. पाय वाचला, पण जखम भरायला फार वेळ लागला.

अंगारा देणाऱ्यापासून आपण आता सावध असतो. तळटीप दाखवली की मात्र मान डोलावतो. कोणी म्हटलं, कशावरून म्हटलं, हे विचारत मुळापर्यंत जावं. आणि तोवर डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडू नये.