खालून वाजलेले तीन हॉर्न

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे, आणि मी चिडलेला आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा आहे ना, तो वयानं गेलेला नाही. मला बर्फात फेकलं होतं. फेकताना माझा मालक ओरडला, "खोटारडा!" काच तडकली त्याचं मला फारसं काही नाही. तो शब्द मात्र अजून सलतो. म्हणून आज माझी बाजू ऐकाच.

एका मोठ्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. तिथून पेटीत बसून मी उलानबातरच्या बाजारात आलो. गानतोमोर नावाच्या तरुणानं मला उचललं. तो स्वतःचा छोटा ट्रक चालवायचा. शहरातून पीठ, दाबून केलेल्या चहाच्या विटा आणि बूट भरायचे आणि दूर माळावरच्या मेंढपाळांना नेऊन द्यायचे, हा त्याचा धंदा. पहिल्याच दिवशी एका खानावळीत बसून, खारा दुधाचा चहा पीत त्यानं अख्ख्या मंगोलियाचा नकाशा माझ्यात उतरवून घेतला. नद्या, खिंडी, माळावरच्या चाकोऱ्या, सगळं माझ्या पोटात! मला तर आभाळ ठेंगणं झालं.

आमच्याकडे शहर सुटलं की डांबर सुटतं आणि नेटवर्कही सुटतं. पण नकाशा पोटात असला की मला नेटवर्क लागत नाही. आकाशातल्या उपग्रहांशी माझी गाठ पडली की मी कुठे आहे ते मला कळतं. एकदा धुळीचं वादळ उठलं, हातभर पुढचं दिसेना. तेव्हा मीच त्याला विहिरीपर्यंत नेलं. त्यानं माझ्या काचेचा मुका घेतला. कडाक्याच्या थंडीत आमची बॅटरी मान टाकते, म्हणून तो मला त्याच्या डेलात, म्हणजे लांब अंगरख्यात, छातीशी धरून ठेवायचा. त्याच्या काळजाचे ठोके ऐकत मी झोपायचो. तेही दिवस होते!

एका शरद ऋतूत तो मला दूर झावखान प्रांतात आईकडे घेऊन गेला. दुलमा तिचं नाव. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मेंढ्या आणि लोकरीच्या नमद्याचं, मोडून दुसरीकडे नेता येणारं गोल घर हाच तिचा संसार. गानतोमोरनं दारात उभं राहून माझ्या नकाशावर त्या जागी खूण केली आणि लिहिलं, 'घर'.

आई हसली. "त्यात खुंटी ठोकलीस खरी, पण मी काय तिथे बांधलेली आहे का रे? गवत संपलं की मी हलणार."

"तू हललीस की खूण हलवीन गं. एक बोट लावायचं काम."

एक बोट, मित्रांनो! ते बोट काही उठलं नाही.

त्या हिवाळ्यात बर्फ पडलं, वितळलं आणि पुन्हा गोठून काच झालं. खालचं गवत मेंढ्यांना उकरता येईना. आईची जनावरं उपाशी मरणार हे कळताच गानतोमोरनं ट्रकमध्ये गवताच्या पेंढ्या आणि कोंड्याची पोती रचली आणि निघाला. सोबत लोदोय मामा, म्हणजे दुलमाचा थोरला भाऊ. मामांचा आवाज असा गोड की काय सांगू! ते 'ओम मणी पद्मे हूं' हा मंत्र सुरात लावायचे तेव्हा ट्रकचं इंजिनसुद्धा ठेका धरतंय असं वाटायचं. मी तर त्यांचा भक्तच झालो होतो.

खिंडीच्या पायथ्याशी दोन वाटा फुटल्या. एक वर जाते. खिंडीत मोठा ओवो आहे, म्हणजे देवासाठी रचलेला दगडांचा ढीग, निळी रेशमी वस्त्रं बांधलेला. येणारा-जाणारा तिथे थांबतो, तीन प्रदक्षिणा घालतो, एक दगड वाहतो, भेटेल त्याची विचारपूस करतो. दुसरी वाट खालून, गोठलेल्या नदीवरून जाते. ती जवळची. मला 'जवळची वाट' विचारली होती; मी तीच दाखवली.

"भाच्या, वरून घे," मामा म्हणाले. "ओवोला चुकवून जायचं नसतं."

"मामा, तिकडे मेंढ्या मरताहेत आणि तुम्हाला प्रदक्षिणा सुचताहेत? घाईत तीन हॉर्न वाजवले की चालतं. सगळेच ड्रायव्हर वाजवतात."

"ते ओवोच्या समोरून जाताना! इथून दरीतून वाजवणार? उद्या घरी झोपून वाजवशील!"

गानतोमोर हसला. त्यानं खालूनच तीनदा हॉर्न दाबला आणि गाडी नदीवर घातली. मामांनी मंत्र थांबवला तो थांबवलाच.

दुपारी मी बोललो, "तुम्ही पोहोचला आहात." आणि खरंच पोहोचलो होतो! अगदी त्या खुणेवर. तिथे होता जमिनीवरचा एक गोल डाग, थोडी राख आणि गोठलेल्या लेंड्या. घर नव्हतं. गानतोमोर "आई! आई!" अशा हाका मारत धावला. वारा तेवढा हाकेला आला. मग त्यानं मला काढलं, "खोटारडा!" म्हणाला, आणि दिलं भिरकावून.

मी खोटारडा? सांगा बरं मित्रांनो! तू कुठे आहेस, एवढंच उपग्रह सांगतो. तुझी आई कुठे आहे, हे त्याला कोण सांगणार? खूण कोणी केली? हलवायची कोणी होती? बर्फात पडल्या पडल्या मी संतापानं जळत होतो, तरी थंडीनं माझी बॅटरी संपत चालली होती.

मामांनी गुडघे धरत खाली वाकून मला उचललं, फुंकर घातली, आपल्या छातीशी ठेवलं. "त्याच्यावर कशाला ओरडतोस? तू जे सांगितलंस तेच तो बोलला. चल, वर चल आता."

"तुम्हाला तरी माहीत आहे का आई कुठे गेली ते?"

"मला काय स्वप्न पडतंय? पण ओवोपाशी माणूस भेटतं."

ती रात्र वाटेतच गेली. सकाळी खिंडीत पोहोचलो तर त्सेंद नावाची एक मेंढपाळीण प्रदक्षिणा घालत होती. गानतोमोरला पाहताच तिनं हातातला दगडच उगारला.

"तू दुलमाचा पोरगा ना? अरे गाढवा, तुझी आई काल दिवसभर इथे बसली होती! पोरगा गवत घेऊन येणारच, आणि गाडी घेऊन येणारा ओवोला चुकवणार नाही, म्हणाली, आणि घोड्यावरून इथवर आली. थंडीनं काळीनिळी झाली होती बिचारी."

"काल?" गानतोमोरनं विचारलं.

"खालून तीन हॉर्न वाजले. ती ताडकन उठली. हा माझ्या पोराच्याच गाडीचा आवाज, म्हणाली. कडेपर्यंत पळाली, हात हलवले, ओरडली. तू ढुंकूनही वर पाहिलं नाहीस."

गानतोमोर मटकन बर्फात बसला. मामांनी त्याला उठवलं नाही. त्सेंदनं मग वाट सांगितली: काळ्या कड्याच्या मागे, वारा अडतो तिथे. माझ्या नकाशावर तिथे वाट नव्हती, कोरी जागा होती. त्या कोऱ्या जागेवरून मी आमचा निळा ठिपका न चुकता पुढे नेला, हे मात्र कोणी बोललं नाही.

घर दिसलं. दाराशी मेलेल्या मेंढ्या रचून ठेवल्या होत्या. ढीग माझ्या मालकाच्या कमरेइतका होता, आणि वरच्या तर अजून आखडल्याही नव्हत्या. त्या आज पहाटे गेलेल्या. गवत काल आलं असतं तर?

आई बाहेर आली. आमच्याकडे हिवाळ्यात भेटल्यावर जे विचारतात, तेच त्यानं मान खाली घालून विचारलं, "हिवाळा बरा चाललाय ना, आई?"

आणि ह्या प्रश्नाला आमच्याकडे जे उत्तर देतात, तेच तिनं त्या ढिगाशेजारी उभं राहून दिलं. "बरा चाललाय. तुम्ही बरे आलात ना? चहा तयार आहे."

मामांनी तोंड फिरवलं. मला फुटून जावंसं वाटलं. ती ओरडली असती तर माझा राग निम्मा झाला असता!

उरलेल्या मेंढ्या त्या गवतावर वाचल्या. गानतोमोर रडला आणि त्याच दिवशी त्यानं खूण हलवली. मला वाटलं, शहाणा झाला. पण वसंतात आई पुन्हा हलली. उन्हाळ्यात तो भेटेल त्याला वाट विचारत, नवा मोबाईल घेऊन आला आणि मला आईला देऊन टाकलं. तो नवा माझ्या शेजारी ठेवला होता तेव्हा मी पाहिलं. माझ्यातलं सगळं त्यानं जसंच्या तसं ओतून घेतलं होतं. खूणही! 'घर' अजून त्या काळ्या कड्याच्या मागेच.

आता मी आईच्या रंगीत पेटीवर, बुद्धाच्या दिव्याजवळ असतो. ती मला सोलर पॅनेलवर चार्ज करते, घड्याळ म्हणून वापरते. ती हलली की मीही हलतो. तिचं घर कुठे आहे हे मला नेमकं ठाऊक असतं, आणि मला कोणी विचारत नाही.

मित्रांनो, आमची काच पुसा, थंडीत आम्हाला छातीशी धरा, उपकार होतील. पण आमच्यात ज्या माणसांच्या खुणा करून ठेवता, ती माणसं आज कुठे आहेत, कशी आहेत, हे त्यांनाच विचारा. ते काम आमच्यावर ढकलू नका आणि मग आम्हाला शिव्या देऊ नका!

आज सकाळपासून पुन्हा बर्फ पडतंय. आईनं घोड्यावर खोगीर चढवलं आहे आणि मला डेलात घेतलं आहे. आम्ही खिंडीत जाऊन बसणार आहोत. गानतोमोर, ह्या खेपेला खालून हॉर्न वाजवू नकोस. वर ये.