दोन पिशव्यांतला शर्ट

मी एक जुना शर्ट आहे, मित्रांनो. निळ्या चौकड्यांचा, पूर्ण बाह्यांचा. सध्या माझा मुक्काम प्लास्टिकच्या पिशवीत आहे, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्हींच्या तोंडाला घट्ट गाठ. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की शेवटी हात जोडतात, आम्हाला जपा, टाकू नका म्हणतात. माझं सांगणं नेमकं उलटं आहे, म्हणून जरा कान देऊन ऐका.

माझा जन्म आर्वीतला. धर्मेंद्र टेलरने मला शिवलं ते किसनरावांसाठी, त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या, वर्षालीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, घालायला. किसनराव बाजार समितीत हमाल. जन्मभर दुसऱ्यांची पोती पाठीवर वाहिलेल्या त्या माणसाने त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पाव्हण्यांसमोर दहा वेळा कॉलर नीट केली. काय ऐट होती माझी! पुढे मी सणावारी निघायचो. मागच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि किसनराव गेले. तेरवीनंतर त्यांचे बाकीचे कपडे वाटून टाकले, पण मला त्यांच्या बायकोने, कोकिळाबाईंनी, ठेवून घेतलं.

आमच्याकडे बाया कामाला जाताना लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट चढवतात. उन्हाने हात भाजत नाहीत आणि कापूस वेचताना बोंडाची टोकं ओरबाडत नाहीत. कोकिळाबाईंनीही मला तसंच अंगावर घेतलं. "हे संगं असले का मले थकवा येत नाई वं," असं त्या शेजारच्या सुमित्राबाईंना सांगायच्या. खरं सांगतो, एवढं कौतुक इस्त्रीतही मिळालं नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात शेतातली कामं संपली आणि गावाबाहेरच्या एका बंद जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, छप्पर उतरवायचं काम निघालं. छप्पर सिमेंटच्या पत्र्यांचं, म्हणजे ॲसबेस्टॉसचं. पहिल्या दिवशी ठेकेदाराचा सुपरवायझर प्रफुल याने बायांना डोक्यापासून पायापर्यंतचे पांढरे कपडे दिले, जाड मास्क दिले, भिंतीवरच्या नियमांच्या पाटीपुढे रांगेत उभं केलं आणि फोटो काढला. फोटो निघाल्या निघाल्या म्हणतो,

"चला काकू, काढा आता. वापस द्या."

"काऊन जी? काम तं आता सुरू होऊन राह्यलं," कोकिळाबाई म्हणाल्या.

"साहेबाले फोटू पाठवाचा होता, पाठवला. कपडे खराब झाले तं बोलनी मले बसते."

झालं! पांढरं उतरलं आणि पुन्हा मी चढलो.

पाटी वाचायला कुणाला उसंत नव्हती. तिच्यावर लिहिलं होतं की पत्रे पाण्याने ओले करा आणि न फोडता अलगद उतरवा. इथे वरून हातोडा बसायचा, पत्रा धाडकन खाली येऊन फुटायचा, आणि बाया तुकडे घमेल्यात भरून जागा कोरड्या खराट्याने झाडायच्या. कुणी पाण्याचं नाव काढलं की प्रफुल म्हणायचा, "टँकर कोन बलावते?" बाया नाकाला पदर बांधायच्या आणि निभावलं समजायच्या. धूळ मात्र माझ्या खिशात, कफात, प्रत्येक शिवणीत जाऊन बसायची.

संध्याकाळी मी घरी यायचो. घरी वर्षाली होती, बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा महिना चालू. आई दमून येते म्हणून ती मला उंबऱ्यात उभी राहून फडाफडा झटकायची आणि मग धुवायची. शपथेवर सांगतो, तेव्हा मलाही काही ठाऊक नव्हतं. लेकीचा हात लागला की उलट मी सुखावायचो. लाज वाटते आता त्याची.

असे तीन आठवडे गेले. मग एका सुट्टीच्या दिवशी कोकिळाबाईंनी मला पुढ्यात पसरलं आणि कात्री घेतली. बाळासाठी दुपटं शिवायचं होतं.

"आबाजीच्या मांडीवर तं नाई बसनार पोरगं," त्या म्हणाल्या. "निदान आबाजीच्या शर्टावर तं निजन."

वर्षालीचे डोळे भरले. तिला हसवायला कोकिळाबाईंनी मोबाइल काढला; पहिल्या दिवशीचा फोटो त्यांनी प्रफुलकडून मागून घेतला होता. "पाय, माया फोटू. डाक्टरीनबाईवानी दिसतो का नाई मी?"

वर्षाली हसली. आईचा चेहरा नीट दिसावा म्हणून तिने फोटो बोटांनी मोठा केला, आणि चेहऱ्याच्या मागची पाटीच मोठी झाली. ती वाचायला लागली. "कामाचे कपडे घरी नेऊ नयेत. कपडे झटकू नयेत. घरच्या माणसांनाही धोका असतो."

मग तिने हळूच विचारलं, "आई, कोन्ते कपडे घालून करतं तू काम?"

कोकिळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कात्री हातातच राहिली.

वर्षालीने मोबाइलवर शोधलं. त्या पत्र्यांची डोळ्यांना न दिसणारी कुसळं श्वासातून छातीत जातात, तिथेच रुततात, आणि दुखणं वीस-तीस वर्षांनीसुद्धा वर येऊ शकतं. "धुऊन बी पुरती जात नाई म्हन्ते, आई."

"माय वं! अन् मी रोज तुह्याच हातात देत गेलो!" कोकिळाबाई ओक्साबोक्शी रडल्या. किसनराव गेले तेव्हासुद्धा मी त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं.

त्यांनी मला पाणी शिंपडून ओलं केलं, पिशव्यांत बांधलं, आणि सकाळी जिनिंगवर नेऊन प्रफुलच्या टेबलावर ठेवलं.

"तुमच्या पाटीवर लिवलं हाय, कपडे घरी नेवाचे नाई. घ्या मंग."

"काकू, आमी असं काई घेत नाई. घरी नेऊन जाळून टाका."

"मंग पाटी कायले लावली?"

प्रफुल म्हणाला, उद्यापासून येऊ नका. दुपारी माणूस चढवून त्याने पाटी मात्र उतरवली. आता मी फुटक्या पत्र्यांच्या ढिगावर आहे आणि ती पाटी माझ्यावर पालथी पडली आहे.

म्हणून म्हणतो मित्रांनो, मला जपू नका. असल्या धुळीत राबलेलं कापड घरात आणू नका, झटकू नका, त्याचं पोतेरं करू नका, आणि दुपटं तर नकोच नको, मग ते कितीही लाडक्या माणसाचं असो. तुमच्या घरचं कुणी छप्पर उतरवायला निघालं तर विचारा, पांढरे कपडे दिवसभर देतात की फोटोपुरते?

जाताना कोकिळाबाईंनी पिशवीवरून हात फिरवला. "माफ करजा," म्हणाल्या. किसनरावांना म्हणाल्या असतील.

मला दोन पिशव्यांत बांधलं, बरं झालं. पण वर्षालीने उंबऱ्यात उभं राहून मला झटकलं, ते तीन आठवडे कोणत्या पिशवीत बांधायचे?