चिनी मातीची टोपी आणि शालिकरामचा कापूस

मी तारेच्या खांबावर बसवलेली एक जुनी चिनी मातीची टोपी आहे. कापसाला सोन्याचा भाव आला होता त्या वर्षांत अमरावतीहून अकोल्याला जाणारी संदेशांची तार मूर्तिजापूरच्या वाटेवर माझ्याच खांद्यावर टेकली होती. मित्रांनो, स्वभावाने मी भारी संशयी! तारेतली वीज खांबावरून जमिनीत पळणार, असाच मला सदा वहीम.

तो खोटाही नव्हता. विजेला अडवण्याचा गुण ज्याच्या त्याच्या अंगचा असतो. त्याला रोधकता म्हणतात. तांब्याची फार कमी, लोखंडाची त्याहून काही पट जास्त, आणि आम्हा चिनी मातीवाल्यांची तर विचारूच नका.

एका मार्गशीर्षात मात्र सकाळचे संदेश अकोल्याला पोचेनासे झाले. दुपारी सारे पुन्हा सुरळीत. अकोल्याचे तारमास्तर केशवराव यांना वाटले, तारेचा राखणदार शालिकराम सकाळी तारेशी खेळ करून संदेश अडवतो आणि त्यांतले कापसाचे भाव व्यापाऱ्याला विकतो. मलाही तसेच वाटले. तीन वर्षे मला पुसणाऱ्या या माणसाने हल्लीच मला कापसात गुंडाळले होते, आणि त्याचा हेतू काही मला कळेना.

एके दिवशी सकाळीच केशवराव शालिकरामला घेऊन खांबाखाली येऊन उभे राहिले.

"बिल्ला काढ. वर काय लपवलं आहेस?"

शालिकरामने छातीवरचा राखणदारीचा बिल्ला त्यांच्या हाती दिला आणि वर चढून माझ्याभोवतीचा कापूस ओढून खाली टाकला.

"चोरी कायची, साहेब? काचेच्या बांगड्या आमी कापसातच ठेवतो. हे टोपी तडकू नये म्हून तिले गुंडाळलं."

केशवरावांनी तो कापूस मुठीत दाबला. धुळीने काळे झालेले दवाचे पाणी टपटप गळाले.

"कोरडा कापूस विजेला अडवतो रे," ते ओशाळून म्हणाले. "दवाने भिजला की तोच तिला खाली उतरायला वाट देतो. दुपारी वाळला, की वाट बंद."

म्हणजे चोरवाट माझ्याच अंगावरून जात होती! मला फार लाज वाटली.

केशवरावांनी बिल्ला पुढे केला. शालिकरामने तो घेतला नाही.

"तीन वर्सं या तारेले जपलं, साहेब. बिल्ला मागाच्या आदी, वर काय बांधलं, हे एक खेपही काहून नाई इचारलं?"

तो निघून गेला. नवा राखणदार वर पाहतही नाही. माझ्या अंगावर धुळीचे थर चढले आहेत.

मित्रांनो, नाजूक वस्तू जरूर जपा, पण कशाने जपायची ते आधी जाणून घ्या. आणि जपणाऱ्या माणसाचा संशय आलाच, तर आधी त्यालाच विचारा. मला वाचा नव्हती. केशवरावांना होती.