जावक क्रमांक दोनशे चौदा

शाळेला पंचाहत्तर वर्षं होणार म्हणून तिचा इतिहास लिहायचं ठरलं आणि ते काम सगळ्यांनी मिळून कारकूनबाईंच्या गळ्यात मारलं. भाषेच्या सरांना पेपर तपासायचे होते. इतिहासाच्या मॅडमना म्हणे इतिहास शिकवायचा होता. "तुम्हाला सगळं तोंडपाठ आहे हो," असं म्हणून मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मोकळ्या झाल्या. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवावं तर मोठ्या बाईंनीच.

तोंडपाठ असणारच. कारकूनबाई त्या ऑफिसात तीस वर्षं बसत होत्या. शाळा सहावी ते आठवीची. मुलं तीन वर्षांत सुटायची, बाई तिथेच.

जुन्या कागदांवरून कळलं, की पहिल्या वर्षी शाळा म्हणजे दोन वर्ग आणि हे ऑफिस. ऑफिसला दोन खिडक्या होत्या, एक मैदानाकडे आणि एक रस्त्याकडे. मग मैदानाच्या बाजूला प्रयोगशाळा आली. काही वर्षांनी रस्त्याकडच्या खिडकीला चिकटून जिना बांधला. आणि बाईंच्या डोळ्यांदेखत, थेट दारासमोर, सभागृह उभं राहिलं. शाळा चहूबाजूंनी वाढली आणि ऑफिस मधल्या मध्ये चेपलं गेलं. आता एक खिडकी उघडली की प्रयोगशाळेतल्या कपाटाची पाठ दिसायची आणि दुसरी उघडायचीच नाही. भर दुपारी दिवा लावावा लागायचा. बाईंनी हे सगळं 'शाळेची भरभराट' या मथळ्याखाली लिहून काढलं आणि लिहिता लिहिता त्यांचा जीव गुदमरला.

बाईंचा नवरा आणि लेक दूरच्या शहरात राहायचे. नवऱ्याची नोकरी तिकडची. लेक नऊ वर्षांची असताना बाईंनी संस्थेच्या तिकडच्या शाळेत बदली मागितली होती. नियम असा, की अर्ज एकदाच करायचा. नंबर लागला की मुख्य कार्यालय कळवणार, मध्ये विचारपूस करायची नाही. बाई नियमाच्या पक्क्या. एकोणीस वर्षांत त्यांनी चकार शब्द काढला नाही. सुट्टी लागली की तिकडे जायच्या, संपली की डोळे पुसत परत यायच्या. लेक पंधरा वर्षांची असताना एकदा फणकाऱ्याने म्हणाली होती, "आई, तुला यायचंच नाहीये. अर्जबिर्ज सगळ्या सांगायच्या गोष्टी." बाईंनी मुख्य कार्यालयाच्या नावाने बोटं मोडली आणि जेवण टाकून उठल्या. आता लेकीचं लग्न झालं होतं आणि बाईंच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. शेवटच्या वर्षी बदली मिळत नाही, हाही नियमच.

छापखान्याचा माणूस चार वाजता येणार होता. तीनला मोठ्या बाई एक कागद नाचवत आल्या.

"शेवटचा परिच्छेद मी लिहिलाय. तुमच्यावर! ऐका. 'या शाळेवरील प्रेमापोटी त्यांनी तीस वर्षांत एकदाही बदली मागितली नाही.'"

"मागितली होती की," कारकूनबाई म्हणाल्या.

"कुठे? मी मुद्दाम मुख्य कार्यालयात विचारलं. तुमचा अर्ज त्यांच्याकडे कधी गेलेलाच नाही."

"असं कसं? जावक नंबर पडलाय त्याला."

"मग दाखवा. चारपर्यंत दाखवलात तर बदलते. नाहीतर राहू द्या ना, किती छान वाक्य आहे!"

छान! पंचाहत्तरीच्या कार्यक्रमाला लेक येणार होती. इतिहासाची ती पुस्तिका तिच्या हातात पडणार होती, आणि आईने कधी मागितलंच नव्हतं हे तिला छापील मिळणार होतं.

बाईंनी एकोणीस वर्षांपूर्वीची जावक वही ओढून काढली. दोनशे चौदा, 'बदलीचा अर्ज', त्यांच्याच वळणदार अक्षरात. मग त्या वर्षीची फाईल. पत्र पाठवायची त्यांची पद्धत ठरलेली होती. दोन प्रती टाचायच्या, दोन्हींवर नंबर घालायचा, मग टाचणी काढून मूळ प्रत लिफाफ्यात आणि नक्कल फाईलला. नक्कल सापडली. बाईंनी ती उलटली.

मागे मूळ प्रत होती. सही, शिक्का, पत्ता, सगळं जागच्या जागी. टाचणी गंजून कागदात रुतली होती. त्या दिवशी तपासणी होती, वहीत एकाच तारखेला बत्तीस पत्रं होती. एकतीस टाचण्या त्यांनी काढल्या होत्या.

बाई खुर्चीत बसून राहिल्या. ज्या यादीत त्यांचं नावच नव्हतं, त्या यादीत त्या एकोणीस वर्षं नंबरची वाट बघत होत्या. इतकी वर्षं राग धरायला निदान मुख्य कार्यालय होतं, आता तेही गेलं. त्यांना स्वतःचाच संताप आला.

फाईल परत कपाटात ठेवली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. 'कारकूनबाईंच्या हातून कागद हरवत नाही,' असं नव्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. एवढी एकच कमाई होती त्यांची. आणि फाईल दाखवायची, तर बाईंच्याच एका टाचणीपायी लेक आईविना वाढली, हे लेकीला कळणार. जिन्यावरून मुलं धडाधडा उतरत होती. शाळा सुटली होती. पावणेचार झाले.

मोठ्या बाई ठेवून गेल्या होत्या त्या कागदावरचं वाक्य बाईंनी खोडलं, खाली दोन ओळी लिहिल्या आणि कागद, वही, फाईल घेऊन त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

मोठ्या बाईंनी मोठ्याने वाचलं. "'त्यांनी बदलीचा अर्ज केला होता, जावक क्रमांक दोनशे चौदा. कारकुनाच्या चुकीमुळे तो पाठवला गेला नाही.'" त्यांनी चष्मा काढला. "अहो, असं कुणी छापतं का? आणि कुठल्या कारकुनाची चूक? उगाच कुणाचं तरी नाव खराब व्हायचं."

"शाळेत दुसरा कारकून होता कधी?" बाई म्हणाल्या. "छापा तसंच. माझ्या लेकीला वाचायचंय."