डोके बाहेर, पाय आत

मी एक जुनी, चाकांची खाट आहे, रुग्णालयातली. मित्रांनो, नाक मुरडू नका! खाटेला काय सांगण्यासारखे असणार, असे तुम्हाला वाटेल. पण मी एकदा बागेत गेले होते. म्हणजे, अर्धीच गेले होते. ती आठवण निघाली की आजही माझी चारही चाके शिवशिवतात!

माझा जन्म एका वेल्डिंगच्या कारखान्यात झाला. नळ्या कापल्या, वाकवल्या, जोडल्या. ठिणग्या तर अशा उडत होत्या की विचारू नका! मग पांढरा रंग, दोन्ही बाजूंना कठडे आणि पायांना चाके. चाके मिळताच मला वाटले, आता जग बघायचे! पण कसचे काय! मला हाडांच्या विभागातल्या एका कोपऱ्यात उभे केले आणि चाकांना ब्रेक लावून टाकला. समोर भिंत, वर छत, छताला पंखा. झाले माझे जग.

कामात मात्र मी कधी कुचराई केली नाही. बरे होऊन घरी निघालेली माणसे माझ्या कठड्यावर थाप मारून म्हणत, "कुरकुरते खरी, पण झोप छान लागते हो हिच्यावर!"

मग एक दिवस खुणाकाका आले. उंच इमारतीच्या कामावर क्रेन असते ना? वर बसलेल्या चालकाला ओझे नेमके कुठे उतरवायचे ते नीट दिसत नाही. खाली उभे राहून हातांच्या खुणांनी त्याला वाट दाखवणारा माणूस म्हणजे आमचे काका. सगळा जन्म उघड्यावर, आभाळाकडे मान करून गेलेला. ते शिडीवरून पडले. कंबरेचे हाड मोडले आणि उजवा खांदाही. डॉक्टरांनी हाडे छान बसवली. पण आता खांदा हलवायला हवा होता. नाहीतर तो कायमचा आखडला असता आणि काकांचे काम संपले असते.

व्यायाम शिकवणारी ताई रोज विनवी, "काका, हात वर करा ना. इतकासा."

काका भिंतीकडे तोंड फिरवून म्हणत, "उद्या."

तो उद्या काही उजाडेना. ताट तसेच परत जाई. काका गुपचूप रडत तेव्हा तो हुंदका माझ्या नळ्यांमधून थरथरत जाई. मित्रांनो, हाड मोडले तर ते एक्स-रेच्या चित्रात दिसते. मन खचले तर दिसत नाही, पण त्याचेही ओझे असते. मी ते उचलले आहे.

शेवटी काकूंनीच विषय काढला. "अहो सिस्टर, हे सुट्टीच्या दिवशीसुद्धा घरात ठरत नाहीत. पायरीवर बसून ढग बघतात. यांना जरा बागेत न्या ना!"

काकांना बसायची परवानगी नव्हती. खाटेसकट न्यायला डॉक्टर तयार झाले. पण मोठ्या सिस्टर कडाडल्या, "कॉट आहे ती, बाबागाडी नाही! दारातून जाईल का? आधी मोजा."

विभागाच्या मावशींनी पुढाकार घेतला. माझ्या गादीएवढी चादर घडी करून त्यांनी ती बागेच्या दारात आडवी धरली. "बसतेय की! चादर बसली म्हणजे कॉट बसली."

आणि ब्रेक निघाला! काय सांगू तुम्हाला! छतावरचे दिवे भराभर मागे पळू लागले. माझी चाके चीं चीं करून नुसती गात होती. समोर दार, दारात ऊन, आणि मी सुसाट निघाले...

खण्ण!

अडकले. डोके बाहेर, पाय आत. पुढे जाईना, मागे येईना.

"मावशी, तुम्ही मोजलं होतं ना?" धाकट्या सिस्टर ओरडल्या.

"मोजलं होतं हो! पण चादरीला कुठे कठडे असतात?"

माझे कठडे काढता येतात, हे कुणाच्या ध्यानातच नव्हते. त्यांच्या खिट्ट्यांवर रंगाचे थर चढले होते. सिस्टर दुरुस्तीवाल्याला शोधायला धावल्या आणि आम्ही तसेच राहिलो.

अहाहा, काय ती अडचण! वारा म्हणजे पंखा नव्हे, हे मला तेव्हा कळले. तो येतो, थांबतो, पुन्हा येतो. पानांची सावली चादरीवर नाचत होती. एक मुंगी माझ्या नळीवर चढून गेली. मला गुदगुल्या झाल्या! ओल्या गवताचा वास येत होता. आणि माझ्या गादीला कळले की काकांचा श्वास हळूहळू लांब होतो आहे. घट्ट आवळलेली पाठ सैल पडते आहे. कोणीही त्यांना काही सांगत नव्हते, काही मागत नव्हते.

वर झाडावर एक कावळा घरटे बांधत होता. चोचीत हातभर लांब काटकी. ती आडवी धरून तो दोन फांद्यांमध्ये घुसू बघत होता. टक्! मागे. पुन्हा टक्!

"अरे आडवी नको," काका पुटपुटले. "उभी धर."

टक्!

"अरे बाबा, फिरव ती!" आणि त्यांचा उजवा हात चादरीवरून उठला. आधी वीतभर, मग छातीपर्यंत. बोट गोल फिरले. "फिरव... सावकाश... हं, येऊ दे... येऊ दे... बस्स!" मूठ मिटली. काटकी आत गेली.

"अहो, तुमचा हात!" काकू किंचाळल्या.

"गप गं, काटकी पडेल त्याची!"

मग खांद्यातून कळ आली. "आई गं!" म्हणत काका चक्क हसले. "मावशी, आपणही आडवेच घुसतोय. त्या खिट्ट्या ओढा, कठडे निघतील. पडल्या पडल्या रोज चाचपतो मी त्या."

इतक्यात आतून मोठ्या सिस्टर आल्या. रागवायला तोंड उघडले, तोच त्यांची नजर वर गेली. काकांचा हात अजून अर्धवट वरच होता. त्या खाली वाकल्या. "मावशी, बघत काय राहिलात? त्या बाजूची तुम्ही ओढा!"

काका त्याच दिवशी बरे झाले, असे मी म्हणणार नाही. औषधे होती, व्यायाम होता, दुखणे होते, मधूनच रडूही होते. पण आम्ही रोज बागेत जायचो आणि ताईला 'उद्या' ऐकावे लागत नव्हते. एके सकाळी काका चालत घरी गेले.

पुढे विजेवर चालणाऱ्या नव्या खाटा आल्या आणि मी अडगळीच्या खोलीत गेले. अंगावर धूळ, चाकांना गंज. मला वाटले, संपले. पण तपासणीला आलेले काका विचारू लागले, "माझी कॉट कुठे आहे?" नव्या खाटा भिंतीतल्या विजेला बांधलेल्या, त्या बागेत कशा जाणार? मग बागेच्या फेऱ्यांसाठी मलाच पुन्हा बाहेर काढले. काकांनी स्वतः माझ्या चाकांना तेल घातले!

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी भिंतीकडे तोंड करून पडले असेल, तर उपदेश करू नका. नुसते बाहेर न्या, शेजारी बसा आणि घाई करू नका. तुमचे स्वतःचे मन जड झाले, तरी कुणाला तरी सांगा आणि झाडाखाली जा. आणि हो, जुन्या चाकांना तेल घालत जा.

आता मला निघायला हवे! माझ्यावर सायकलवरून पडलेली एक मुलगी आहे. आल्यापासून ती कुणाशी बोललेली नाही. माझे कठडे काढून ठेवले आहेत. दारापलीकडे, उन्हात, सुट्टीच्या दिवशी हमखास येणारे काका उभे आहेत. बघा, त्यांचा उजवा हात थेट डोक्याच्या वर गेला!

"येऊ दे... सावकाश... येऊ दे!"

मावशी, ब्रेक काढा!