छापखाना बंद आहे

लिफ्टवाल्यांनी खाली जाणाऱ्या बाणाची कळ दाबली आणि पडद्यावरची निळी पट्टी एक ओळ खाली सरकली. टीव्ही ट्यूनर, नाही. बरोबर. पुन्हा कळ. आवाजाचं कार्ड, नाही. तेही बरोबर. जॉयस्टिक, नाही. इथे त्यांचं बोट जरासं अडखळलं, पण त्यांना शोधायचं होतं ते वेगळंच होतं. त्यांना स्वतःची चूक शोधायची होती, आणि ती सापडू दे म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

उभा जन्म त्यांनी लिफ्टच्या नियंत्रकांसाठी प्रोग्राम लिहिण्यात घालवला होता. निवृत्त झाले तरी इमारतीतली लिफ्ट अडकली की लोक आधी त्यांचंच दार वाजवायचे, म्हणून नाव पडलं लिफ्टवाले. चुकणं हा प्रकार त्यांना मानवत नसे. दुसऱ्याची चूक ते चटकन पकडत आणि पकडली की सोडत नसत. बायको म्हणायची, "तुमच्या हातून मीठसुद्धा कधी जास्त पडत नाही, माणसाने जगायचं कसं तुमच्याबरोबर?"

समोरच्या फळीवर ते यंत्र होतं. चपलांच्या खोक्याएवढी पेटी, तिला लेकीने शाळेत असताना पिवळा रंग फासलेला. पेटीशेजारी दुकानात पावत्या छापतात तसला एक चिमुकला छापक. पेटी दोघांनी मिळून जोडली होती, ती आठवीत असताना. पुढे शिकायला आणि मग नोकरीला ती लांब गेली, तेव्हा तिनेच हा छापक आणून पेटीला जोडला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही फोनवर धड बोलत नाही. मी रोज एक ओळ पाठवीन. हा आपला छापखाना." तेव्हापासून रोज दिवेलागणीला छापक करकरायचा आणि कागदाची बोटभर पट्टी बाहेर यायची. 'आज वरणाचं भांडं करपलं.' 'साहेब रजेवर, आम्ही मजेत.' 'इथे थंडी आहे, तुमचा मफलर ढापून आणला ते बरं केलं.' लिफ्टवाले ती पट्टी चष्मा लावून एकदा वाचत, चष्मा काढून पुन्हा एकदा वाचत, आणि मगच चहा घेत.

महिना होत आला, छापक करकरला नव्हता.

त्या पेटीतला प्रोसेसर इतका जुना की त्याच्यासाठी तयार कर्नल आता कोणी देत नसे. कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा. तो लिफ्टवाले घरीच बांधत. मोठ्या संगणकावर बसायचं, आधी प्रोसेसरचं घराणं निवडायचं, आणि मग प्रश्नांची रांग लागते. हे हवं का? ते हवं का? ज्याला हो म्हणाल ते गाभ्यात जातं, ज्याला नाही म्हणाल त्याची यंत्राला ओळखसुद्धा राहत नाही. त्यातही एक गोम असते. एखाद्या मोठ्या गोष्टीला नाही म्हटलं की तिच्या पोटातल्या सगळ्या लहान गोष्टी यादीतून गुपचूप नाहीशा होतात. कोणी सांगायला येत नाही. चांगले चांगले इथे फसतात.

लिफ्टवाल्यांची सगळी भिस्त या गोमेवर होती.

कारण गाभा नव्याने बांधला तो दिवस आणि लेकीशी वाजलं तो दिवस एकच होता. तिने फोनवर सांगितलं होतं की तिकडेच घर घेतेय, आता कायमची तिकडेच. आनंदाने सांगितलं होतं. लिफ्टवाले म्हणाले, "मग इथली खोली कशाला अडवून ठेवायची? रिकामी करून टाकतो."

पलीकडून फोन ठेवला गेला.

राग आला की माणसं भांडी आपटतात, लिफ्टवाले गाभा बांधतात. त्या दुपारी त्यांनी सपाटाच लावला होता. जे वापरात नाही त्याला नाही. ज्याचं काम नाही त्याला नाही. तेव्हाच ती जॉयस्टिकही उडाली, जिच्यावर भिंगरी, म्हणजे त्यांची लेक, या पेटीवर तासन्‌तास विमानं पाडायची. त्या सपाट्यात छापकाचा चालकही, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रामही, गेला असणार. गेलाच असणार. तसं असेल तर पोर रोज ओळ पाठवतेय आणि पेटी बहिरी होऊन बसलीय. दोष कुणाचा? आपला. किती छान.

खरं तर छापक चालतो की नाही हे बघायला एक चाचणी पुरे होती. आयुष्यभर दुसऱ्यांना 'आधी चाचणी घ्या' म्हणून दटावणाऱ्या माणसाने ती आजवर घेतली नव्हती, छापक चालला तर काय या भीतीने. आज चहा घ्यायलाही न उठता ते यादी वरून खाली बघत होते, ते चाचणीआधी स्वतःची चूक सापडावी एवढ्याचसाठी.

निळी पट्टी थांबली.

छापक जोडणीचा चालक: हो.

लिफ्टवाल्यांनी चष्मा पुसला. ओळ तीच राहिली. त्यांनी त्याच्या वरच्या मोठ्या गोष्टीकडे पाहिलं. हो. तिच्याही वरची. हो. रागाच्या भरातही त्यांचा हात चुकला नव्हता.

मग त्यांनी चाचणीचा हुकूम दिला. छापक करकरला, ठणठणीत, आणि पट्टी बाहेर आली. 'चाचणी ठीक आहे.' ती फाडून त्यांनी घडी घातली, घडीची घडी घातली, आणि खिशात ठेवली. महिनाभर पेटी जागी होती, ऐकत होती, आणि तिकडून कोणी काही म्हणालंच नव्हतं.

भिंतीवर लेकीचं शाळेतलं वेळापत्रक तसंच चिकटवलेलं होतं, पलंगावर तिची उशी होती. खोली रिकामी करून टाकतो. एवढंसं वाक्य, आणि ते परत घ्यायची सोय कुठल्याच यादीत नव्हती.

मग त्यांनी निळी पट्टी पुन्हा छापकाच्या ओळीवर नेली आणि नाही म्हटलं. गाभा बांधायला टाकला. ओळींमागून ओळी धावल्या. बांधून झालेला गाभा पेटीत घातला, पेटी बंद करून पुन्हा चालू केली आणि पुन्हा चाचणी मागितली. छापक ढिम्म. आज दिवेलागणीला काही आलं नाही, तर निदान त्याला कारण असेल. वेडेपणा होता हे त्यांना कळत होतं, पण जरा हलकं वाटलं हेही खरं.

"अहो, तुमचे कर्नलसाहेब उठले असतील तर इकडे या," बाहेरून बायकोने हाक मारली. "भिंगरीचा फोन आहे."

लिफ्टवाले दारापर्यंत आले आणि चौकटीला धरून उभे राहिले. मायलेकी रोजच बोलत, पण बोलणं चालू असताना ते लेकीच्या खोलीत असत आणि बायको बाहेर. आज बायकोने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला होता.

"ती विचारतेय," बायको म्हणाली, "बाबांचा छापखाना चालू आहे ना?"

त्यांनी मागे वळून फळीकडे पाहिलं.

"बंद आहे."

"तरीच!" फोनमधून आवाज आला, जरा घाईनेच. मग थोडं थांबून, "मला वाटलंच होतं. म्हणजे मी पाठवलेलं काही पोचलंच नसेल ना?"

कधी पाठवलंस? कुठल्या दिवशी? काय लिहिलं होतंस? तिन्ही प्रश्न लिफ्टवाल्यांच्या जिभेवर आयते येऊन उभे राहिले. अशा उत्तराला त्यांनी ऑफिसात कुणाला पाच मिनिटं टिकू दिलं नसतं. त्यांनी तिन्ही गिळले.

"कुठून पोचणार? गाभा बांधताना माझ्या हातून चालकच राहिला."

"तुमच्या हातून?"

"म्हातारा झालो आता. होतं."

पलीकडे हसू आल्यासारखा आवाज झाला, किंवा नाक ओढल्यासारखा. फोनवर दोन्ही सारखंच ऐकू येतं.

"बाबा, खोली केलीत रिकामी?"

"कसली रिकामी? मीच अडवून बसलोय. दिवसभर तिथेच असतो, विचार आईला."

बायकोने टेबलावरचं कापड सारखं केलं.

"मग दुरुस्त करा लवकर," लेक म्हणाली. "मला सांगायचंय बरंच. घराच्या खिडकीतून काय दिसतं ते."

"उद्या दिवेलागणीपर्यंत होईल."

फोन ठेवल्यावर बायकोने त्यांच्याकडे मान तिरकी करून पाहिलं.

"मघाशी तर करकरला तुमचा छापखाना. मी ओट्याशी होते, पण कान जागेवर आहेत माझे."

"करकरला."

"मग?"

"मग बिघडला."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. डोळ्यांत आलेलं पाणी तिने लपवलंही नाही आणि पुसलंही नाही. "चहा टाकते," म्हणाली. "घोटभर तरी वेळेवर घ्या आज."

लिफ्टवाले पुन्हा लेकीच्या खोलीत जाऊन बसले. यादी उघडली. छापक जोडणीच्या ओळीवर पट्टी नेली आणि हो म्हटलं. आता गाभा बांधायला टाकायचा, एवढंच उरलं होतं. पण त्यांनी बाणाची कळ दाबली ती वर जाणारी. एकेक ओळ मागे सरकत पट्टी जॉयस्टिकपाशी आली. या यंत्राला आता तिचं काडीचंही काम नव्हतं.

त्यांनी तिलाही हो म्हटलं.