यंत्राचं साल एकशे तीन

चेन इबा बेट सोडून लेकीकडे गेले, त्याला चार वर्षं झाली. आमच्या या बेइगान बेटावर आम्ही वडीलधाऱ्या माणसाला इबा म्हणतो आणि वडीलधाऱ्या बाईला इमू. चाळीस वर्षं बोट हाकलेला हा माणूस म्हातारपणी ताओयुआन शहरात चौथ्या मजल्यावर जाऊन बसला, तिथे समुद्राचा वासही नाही. मी तेव्हा टेलिफोन ऑफिसातून नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरी बायकोच्या डोक्याला ताप झालो होतो. म्हणून इबांच्या रिकाम्या घरात मी एक जुना कॉम्प्युटर बसवला आणि खिडकीत कॅमेरा लावला. त्या कॉम्प्युटरला जोडलेला पडदा अगदी लहान, त्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं तेवढी उमटतात. खरा पडदा त्याच्या पोटात आहे. इथे बसून तो कुणालाच दिसत नाही, दिसतो तो समुद्रापार, इबांच्या मांडीवरच्या टॅबलेटवर. त्या पडद्यावर मी एकच चित्र ठेवलंय, या काठापासून त्या काठापर्यंत: आमची खाडी आणि मधोमध कासवबेट.

रोज दुपारी तीनला इबा ते बघायला बसतात. अलीकडे त्यांना काल काय जेवलो ते आठवत नाही, नातवाचं नाव आठवत नाही, पण कासवबेटाच्या पाठीवर कुठल्या खाचेत बगळा बसतो ते आठवतं. त्यांची लेक सू-छिन बाजारात माशाच्या गोळ्यांचं सूप विकते. ती म्हणते, तेवढे दोन तास बाबा घरी असतात. आणि चित्र दिसलं नाही, तर इबा बूट घालतात. पिशवीत थर्मास ठेवतात आणि बेटावर जायची बोट पकडायला कीलुंग बंदराकडे चालू लागतात. गेल्या महिन्यात पोलिसांना ते हमरस्त्याच्या कडेला सापडले, घरापासून अकरा किलोमीटरवर, पायाची सालटी निघालेली. पुन्हा असं झालं तर त्यांना वृद्धांच्या केंद्रात ठेवायचं, असं सू-छिनच्या नवऱ्याने ठरवूनच टाकलं होतं.

त्या दिवशी एप्रिलमधलं धुकं बेटावर तिसरा दिवस मुक्काम ठोकून होतं. आदले दोन दिवस दुपारी खाडी अंधुक तरी दिसली होती, त्या दिवशी तेवढीही नाही. विमानं बंद, बोटी बंद, भाजी संपलेली. माझ्या अंगणाची भिंत मला दिसत नव्हती. साडेतीनला सू-छिनचा फोन आला.

"प्याओदादा, काहीच दिसत नाहीये. नुसतं नाही म्हणतंय, नाही म्हणतंय. बाबांनी एक बूट घातला."

"दाराला कडी लाव."

"मी दाराला पाठ लावूनच उभीये! कडी त्यांना उघडता येते, नाविकाच्या पोटी जन्मलेत, गाठी सोडतात तर कडीचं काय!"

भिंतींना हात लावत, पायऱ्या मोजत मी इबांच्या घरी पोचलो. एकशे बारा पायऱ्या आहेत, म्हणजे पोचायला हरकत नसावी असं मनाशी म्हणत होतो. धुक्यात सगळं गाव पाण्यात विरघळल्यासारखं वाटत होतं. कुणाच्या तरी घरात लाल दारूतली कोंबडी शिजत होती, वास येत होता पण घर नव्हतं. दार यूच्याओ इमूंनी उघडलं. शेजारच्या, पंचाहत्तरीच्या, आणि घराची किल्ली त्यांच्याकडे.

"आलास? मी यंत्राला हात लावलेला नाही," त्या म्हणाल्या.

विचारलं नसताना माणूस असं बोलला की मला संशय येतो. पण तेव्हा घाई होती. खिडकीकडे पाठ करून मी काळ्या पडद्यासमोर बसलो आणि फोन शेजारी उघडा ठेवला. यंत्राच्या डोक्यावर हिरव्या पाकिटातला नारळी चवीचा खाऊ होता. तो ठेवला की यंत्र शहाण्यासारखं वागतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. पाकीट हिरवंच हवं आणि मुदत संपलेलं नको. मी शिकलेला माणूस आहे, तरी ते पाकीट मीच आणून ठेवलं होतं.

यंत्र जिवंत होतं. लाइन चालू होती. बाहेरून येणाऱ्याने ज्या दारातून यायचं ते दार उघडं होतं आणि इबांचा टॅबलेट त्या दाराशी येऊन ठोकत होता, दर दहा सेकंदांनी, एखाद्या हट्टी माणसासारखा. मग माशी कुठे शिंकली? मी दारावरची नोंदवही उघडली. यंत्र आल्यागेल्याची नोंद ठेवतं, आणि तिथे एकच ओळ शंभरदा लिहिलेली होती: या पाहुण्याचा परवाना अजून लागू झालेला नाही.

अजून? परवाना मीच दिला होता, चार वर्षांपूर्वी. कुणीही भलत्याने इबांच्या खिडकीतून डोकावू नये म्हणून त्यांच्या टॅबलेटला मी ओळखपत्र करून दिलं होतं, एकशे दहा सालचं. आमच्याकडे सालं देश प्रजासत्ताक झाला तेव्हापासून मोजतात, यंदा एकशे चौदा. मी यंत्राला तारीख विचारली. ते म्हणालं, दोन हजार चौदा. म्हणजे आमचं एकशे तीन. यंत्र अकरा वर्षं मागे जाऊन बसलं होतं, आणि तिथे बसून इबांना सांगत होतं की तुमचा परवाना अजून जन्माला यायचाय.

"इमू," मी म्हणालो.

"हात नाही लावला."

"इमू, तारीख कुणी घातली?"

त्या ओट्यावरचं फडकं घडी करू लागल्या. "लाइट गेली होती ना काल संध्याकाळी. पाकिटाची मुदत बघायला आले, तर यंत्राचीच तारीख भलती. बिचाऱ्याला दिवस कळेना. तू भिंतीला कागद चिकटवलायस, तारीख अशी घालायची म्हणून. तशी घातली."

"काय घातलं?"

"एकशे चौदा. ते नको म्हणालं. दोनदा नको म्हणालं. मग पुढचा एक काढून नुसतं चौदा घातलं, तर मुकाट्याने घेतलं."

मला हसूही आलं आणि रागही आला. राग माझ्यावरच होता. यंत्राने बाहेरून आपली आपण वेळ विचारून घ्यावी अशी सोय असते. ती मी आळसाने चार वर्षं चालू केली नव्हती, आणि कागद लिहिताना यंत्राला जगाचं साल लागतं हे लिहायला विसरलो होतो. इमूंचं काय चुकलं? त्यांनी आपलं साल घातलं, यंत्राने जगाचं समजून घेतलं.

बरोबर तारीख टाइप केली आणि बोट बटणावर अडलं. खोटं कशाला बोलू, अडलंच. एकशे तीन साली या घराची चूल पेटती होती. जिन-मेइ इमू, इबांची बायको, गच्चीवर कोळंबी वाळवायच्या आणि त्यांच्या भाच्याला, म्हणजे मला, मूठभर फुकट द्यायच्या. इबा रोज सकाळी याच खिडकीत उभे राहून दात घासायचे आणि समुद्राला शिव्या द्यायचे. आता गच्चीवर शेवाळ आहे. पण यंत्राला त्यातलं काही माहीत नव्हतं. रात्रभर ते एकटंच त्या सालात राहिलं होतं, अंधाऱ्या खोलीत, दिवा मिचकावत. माणसं समोर जेवत बसली असताना त्यांना घराबाहेर काढावं, तसं मला वाटलं. मला फार वाईट वाटलं.

"दुसरा बूट," फोनमधून सू-छिन म्हणाली. "दादा, दुसरा बूटही घातला. पिशवी घेतली."

मी बटण दाबलं. एकशे चौदा साल झालं. दारावरच्या पहारेकऱ्याला झोपवून पुन्हा उठवलं, आणि टॅबलेटची पुढची थाप पडताच वहीत नवी ओळ आली: पाहुणा आत.

"लागलं!" सू-छिन ओरडली. आणि मग, "नाही. पांढरं."

"पांढरं म्हणजे?"

"पांढरं म्हणजे पांढरं. कोरं. मधे तो माउसचा बाण तेवढा आहे."

हे दुखणं मला चांगलं माहीत होतं. पाहुणा आत येतो, पण आतली माणसं झोपलेली, खोलीत सामान नाही, कोऱ्या भिंती आणि मधे एक बाण. मी पोटातला पडदा बंद करून पुन्हा मांडला. "आता?" "पांढरं." कॅमेऱ्याचा प्रोग्राम बंद करून पुन्हा लावला. "आता?" "पांढरंच आहे हो!" मी सगळं यंत्र विझवून पेटवलं. पाच मिनिटं गेली, ती पाच मिनिटं फोनवर इबांच्या बुटांचा आवाज येत होता, खोलीभर फिरणारा. मी यंत्राला, स्वतःला, ऑफिसच्या पेन्शनला, सगळ्यांना नावं ठेवली. नोंदवहीत एकही चूक नाही. सगळं ठीक आहे, ठीक आहे, ठीक आहे, असं ते लिहीत होतं. मी हात टेकले.

"सू-छिन, मला जमत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी माझ्या बायकोलाही कधी ऐकवलेलं नाही.

ती नाक ओढत होती. रडत असावी. पलीकडे बूट थांबले. मग इबांचा आवाज आला, टॅबलेटच्या अगदी जवळून.

"तू रडतेस कशाला? धुकं आहे."

"बाबा, बिघडलंय ते."

"बिघडलंय काय! धुकं आहे. बघ, खालून हलतंय. ओहोटी लागली की ते असं खालून फाटतं. चाळीस वर्षं काय मी कोबी विकली?"

मी मान वळवली. माझ्या पाठीमागे खिडकी होती, आणि खिडकीत पांढरं होतं. कासवबेट नाही, खाडी नाही, कठडाही नाही. अर्धा तास मी त्याच धुक्यात बसून ते यंत्रात शोधत होतो. यूच्याओ इमू माझ्याकडे बघत होत्या आणि फडक्यामागे हसत होत्या.

"इबा, बोट बंद आहे," मी फोनवर म्हणालो. "आज कुणी कुठे जात नाही."

"बंद कशी? आपण मधोमध आहोत." मग लेकीला, दटावून: "बस खाली. धुक्यात बोटीत उभं राहू नये."

सू-छिन नंतर सांगत होती, बाबा खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर, गुडघे जुळवून, तिकीट काढलेल्या माणसासारखे. तीही शेजारी बसली. इथे मी आणि इमू खिडकीशी उभे राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, घड्याळ तर मी नुकतंच दुरुस्त केलं होतं, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं? धुकं खालून फाटत गेलं. आधी पाण्याची एक करडी पट्टी आली. मग पट्टीवर एक काळं टोक.

"डोकं," इबा म्हणाले. फोनवर ते माझ्यापेक्षा जरा आधीच म्हणाले, कुठलंही चित्र उशिरानेच तिकडे पोचतं तरी.

मग कासवाची पाठ आली, मग सगळं बेट आलं, ओलं आणि जवळ. बोटीतून येताना ते असंच येतं. पलीकडे खुर्ची सरकली. इबा उठले होते. माझा जीव टांगणीला लागला, कारण आता बाहेर उजेड होता, समुद्र मोकळा होता आणि त्यांच्या पायात बूट होते.

"बाबा, कुठे?" सू-छिनने विचारलं. बूट दाराकडे निघाले. तिची पाठ आता दाराला नव्हती.

बूट थांबले. "प्याओ!" इबांनी हाक मारली. "धक्क्यावर कोण आलंय?"

मी म्हाताऱ्या माणसांशी खोटं बोलत नाही, त्यांना ते कळतं. "मी आलोय, इबा," मी म्हणालो. "तुमच्या घरीच आहे. दार उघडं आहे."

मग एक आवाज झाला आणि थोड्या वेळाने तसाच दुसरा. मला कळेना. "काय झालं?" मी विचारलं.

"बूट काढले," सू-छिन हळूच म्हणाली. "दाराशी जोडून ठेवले. पोचलो म्हणतात. भूक लागलीये म्हणतात."

इमूंनी फडकं खांद्यावर टाकलं आणि त्या शेजारी आपल्या घरी गेल्या, चुलीवरची कोंबडी बघायला. मी तिथेच बसून यंत्राला त्याची वेळ आपली आपण विचारून घ्यायला लावलं.